सोजरबाईंचा उन्हाळा

बीड जिल्ह्यात राहून उन्हाळा आवडतो म्हणणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं. बाकी आम्ही सगळे फाल्गुन लागला की तोंडं वाकडी करतो. मी स्वतः चौसाळ्याची. आमच्या घरावर पत्रे आहेत, आणि मे महिन्यात दुपारी त्या पत्र्यांखाली बसलेल्या माणसाला नरकाची भीती घालून काही उपयोग नाही. त्यामुळे कुणी उन्हाळ्याचं कौतुक करायला लागलं की मला वाटतं, याच्या घरी एसी असणार. सोजरबाईंच्या घरी एक टेबलफॅन होता, तोही बंद पडलेला, आणि तो दुरुस्त करून आणावा असं घरात कुणालाच वाटत नव्हतं.

माझी पहिली नेमणूक धरणाच्या काठावरच्या एका गावात झाली, जिल्हा परिषदेच्या शाळेवर. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर शनिवार-रविवारी गाड्या भरभरून माणसं येतील आणि सोजरबाई जिथं कुठं असतील तिथून मला शिव्या घालतील.

धरण भरलेलं असतं तेव्हा बाहेरून येणाऱ्याला फार देखणं दिसतं. गावातल्यांना तसं दिसत नाही, कारण भरल्या धरणाला काठच नसतो. पाणी थेट बाभळीत शिरलेलं असतं. पाय टाकावा तर काटा, नाहीतर गुडघाभर चिखल. मग संक्रांत होते, पाणी उतरायला लागतं आणि होळीच्या सुमाराला पाण्याखालून एक जुना डांबरी रस्ता बाहेर येऊ लागतो. धरण व्हायच्या आधी तो खालच्या गावाला जायचा. ते गाव कायमचं बुडालं, माणसं वर येऊन राहिली, रस्ता मात्र खालीच राहिला. दर उन्हाळ्यात तो दोन-तीनशे पावलं उघडा पडतो आणि सरळ पाण्यात उतरत जातो. पायाखाली टणक, उतार सावकाश, ना काटा ना गाळ. बाईमाणसानं निर्धास्त पाण्यात उतरावं अशी सगळ्या काठावर तेवढी एकच जागा, आणि ती मिळते फक्त उन्हाळ्यात.

"उन्हाळा कावून आवडतो, इचारता?" सोजरबाई म्हणायच्या. "पावसाळ्यात पाणी सरकारचं. हिवाळ्यात बागायतदारांच्या मोटारीचं. हे दोन महिने तेवढं आमचं."

सोजरबाई भोई समाजातल्या. नदी होती तेव्हापासून त्यांच्या घरात मासेमारी. वय साठीच्या पुढं, अंग सडसडीत, रंग काळा, खांदे मात्र पैलवानाचे. नवरा निवृत्तीमामा दिवसभर दारात जाळं विणत बसलेले. तोंडातून शब्द निघायचा तो तंबाखू थुंकल्यावर, तोही गरज पडली तर. बोलण्याचा सगळा कोटा सोजरबाईंनी एकटीनं उचलला होता. डोक्यावर पदर न घेता त्या भर उन्हातून अनवाणी चालायच्या. "लई ऊन हाय हो आज," असं कुणी म्हणालं की फटकन उत्तर यायचं, "मग दुपारी काय चांदणं पडावं का?"

रोज संध्याकाळी त्या पाण्याच्या कडेला तुराटीची एक काडी रोवायच्या. सकाळी जाऊन बघायच्या, पाणी काडीपासून किती मागं सरलं. गावात पिण्याच्या पाण्याचा टँकर यायचा, धरण उशाशी असूनही यायचा, आणि माणसं पाणी घटलं म्हणून हवालदिल व्हायची. सोजरबाई मात्र नव्यानं उघड्या पडलेल्या डांबरावर उभ्या राहून पायानं ते साफ करत असायच्या. जूनमध्ये पहिला ढग दिसला की सगळं गाव हात जोडायचं आणि सोजरबाई घरात जाऊन दार लावून घ्यायच्या. "आला मेला," एवढंच म्हणायच्या. गावाला ह्याचा राग यायचा. मलाही सुरुवातीला आला होता.

पहिल्यांदा मी त्यांना पाहिलं ते एप्रिलमध्ये. शाळा सकाळची होती. दुपारी तीनला, खोलीत जीव गुदमरला म्हणून मी छत्री घेऊन त्या रस्त्यानं खाली गेले, तर पाण्यात पंधरावीस मुली आणि सात-आठ बाया. सगळ्यांच्या कमरेला वाळलेले भोपळे बांधलेले. मधोमध कासोटा घट्ट खोचून छातीभर पाण्यात उभ्या सोजरबाई, एका मुलीच्या पोटाखाली हात धरून ओरडत होत्या, "पाय मार! पाय मार! चुलीतलं लाकूड सारायलीस का?"

मला पाहून म्हणाल्या, "उतरा म्याडम."

"मला पोहता येत नाही."

"तर काय झालं? मी काय आईच्या पोटातून पोहत आलते का?"

मी उतरले नाही. पुढं तीन वर्षं तिथं होते, रोज, मेच्या सुट्टीतही, काठावर जाऊन बसले, पण गुडघ्याच्या वर कधी भिजले नाही. भित्री माणसं काठावर बसून फार छान टाळ्या वाजवतात, त्यातली मी.

त्यांच्या शाळेचे नियम आमच्या शाळेपेक्षा कडक होते. पहिल्या उन्हाळ्यात दोन भोपळे, दुसऱ्या उन्हाळ्यात एक, तिसऱ्या उन्हाळ्यात भोपळा नाही. किंचाळायचं नाही, किंचाळलं की तोंडात पाणी जातं. रडायचं असेल तर खुशाल रडावं, पाण्यात कुणाला दिसत नाही. आणि वेळ दुपारी तीन ते सहा, त्यात बदल नाही. एवढ्या रणरणत्या उन्हात का, असं मी एकदा विचारलं. त्यांनी माझ्याकडं कीव करावी तसं पाहिलं.

"तीनच्या उन्हात गडीमाणूस काठाला फिरकत न्हाई. समदे झाडाखाली आडवे. पोरी बिनघोर पोहतात. एवढा पहारा दुसरं कोण देईल मला?"

गावातली मुलंही पोहायची, पण ती पलीकडं, पंपहाउसच्या भिंतीवरून उड्या टाकत. त्यांना कुणी वेळ लावून दिली नव्हती आणि शिकवायला कुणी लागत नव्हतं.

दुसऱ्या वर्षी बीडहून एक बातमीदार आला. पोरगेला, चष्मेवाला, कुणीतरी सांगितलं म्हणून मोटारसायकलवर एवढ्या लांब आलेला. त्यानं सोजरबाईंना ओल्या लुगड्यात उन्हात उभं करून फोटो काढले आणि विचारलं, "मावशी, हे सगळं करावंसं कावून वाटलं? घरातलं कुणी बुडालं होतं का?"

"न्हाई."

"जवळचं कुणी? एखादी पोरगी?"

"न्हाई रे बाबा. कुणी बुडालं न्हाई."

"मग शिकवता कावून?"

"मजा येती म्हणून." मग त्याचं तोंड पडलेलं पाहून त्यांनी जरा समजावून सांगितलं. "हे बघ, जल्मभर आमी बाया पाणी उचलायलो. डोक्यावर हंडा, कमरंवर घागर. दोन महिने पाण्यानं आमाला उचलावं, येवढंच हाय. लिव्ह असं."

त्यानं लिहिलं नाही. चार दिवसांनी पेपरात आलं, की पोटची मुलगी धरणानं गिळल्यावर या माउलीनं गावातल्या लेकींना वाचवण्याचा वसा घेतला. सोजरबाईंची मुलगी एकुलती एक, घाटनांदूरला दिलेली, दोन मुलांची आई. तिच्या सासरी फोन सुरू झाले. एक लांबची मावससासू तर रडत दारात आली आणि दार सुनेनंच उघडलं. मुलगी तणतणत माहेरी आली. सोजरबाईंनी तिला घरात टेकूसुद्धा दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन पहिल्या एसटीनं बीडला गेल्या आणि त्या पोराला शोधून त्याच्या टेबलासमोर तिला उभी केली.

"ही माझी बुडालेली. हात लावून बघ, वल्ली हाय का."

पोरानं माफी मागितली, चहा मागवला. आल्यावर त्या मला म्हणाल्या, "चहा चांगला व्हता. पण म्याडम, बाईनं मजा केली असं छापायला त्याच्या हाताला काय झालं व्हतं?" त्याला काय झालं होतं ते मला माहीत होतं. मी मराठी शिकवते. मुलींच्या निबंधातसुद्धा आई कष्टच करत असते.

खरं संकट आलं ते तिसऱ्या वर्षी. त्याच्या आधीच्या दिवाळीनंतर, ऐन भरल्या धरणात, शहरातून फिरायला आलेला एक तरुण मोबाइलवर व्हिडिओ काढत बाभळीतून पुढं गेला आणि बुडाला. वाईट झालं. दोन दिवसांनी निवृत्तीमामांनीच त्याला जाळ्यानं वर काढलं आणि नंतर आठवडाभर ते पाण्याकडं गेले नाहीत. पंचायतीनं लगोलग काठावर लोखंडी बोर्ड रोवला : 'पाण्यात उतरण्यास सक्त मनाई आहे. आदेशावरून, सरपंच.'

सरपंच होत्या कुसुमताई. म्हणजे कागदावर. जागा बाईसाठी राखीव निघाली म्हणून त्यांना उभं केलं होतं. कारभार त्यांचे यजमान दादाराव बघायचे, खुर्चीवरही बऱ्याचदा तेच बसायचे. कुसुमताई चाळिशीच्या, अंगानं भरलेल्या, गुडघ्यांनी त्रासलेल्या. झेंडावंदनाला डोक्यावरून पदर घेऊन यायच्या, दोरी ओढायच्या आणि जायच्या. त्यांचा आवाज मी तोवर ऐकला नव्हता.

तर बोर्ड रोवला तो भरल्या पाण्याच्या कडेला. मार्च उजाडेपर्यंत पाणी त्या बोर्डाला सोडून दीडशे पावलं खाली गेलं. बोर्डाच्या पायथ्याशी शेळ्या बसायला लागल्या. सोजरबाईंची शाळा सुरू झाली आणि दादाराव पहिल्याच दिवशी खाली आले.

"सोजरमाय, बोर्ड दिसत न्हाई का?"

"दिसतो की. पण त्याच्यापशी पाणी कुठं हाय? आमी तितं कुठं उतरलो?"

दादारावांनी शिपायाकडून बोर्ड उपटून पाण्याच्या कडेला रोवला. आठ दिवसांत पाणी पुन्हा खाली. पुन्हा उपटला, पुन्हा रोवला. चैत्र संपेपर्यंत तो बोर्ड चार वेळा हलला. शिपाई घामाघूम होऊन खड्डा खणायचा आणि सोजरबाई त्याला तांब्याभर पाणी नेऊन द्यायच्या. "जरा खोल रोव बाबा. वाऱ्यानं पडला तर माझ्यावर नाव येईल." मुली पाण्यात तोंड बुडवून हसायच्या. दादारावांना ते हसणं वर रस्त्यापर्यंत ऐकू जायचं, आणि तेच महागात पडलं.

महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत दादारावांनी ठराव मांडला : गावातल्या स्त्रिया व मुलींनी धरणाच्या पाण्यात उतरू नये. मारुतीच्या पारावर पुरुष बसलेले, बाया चारदोन, मागं. मी शाळेतर्फे हजर. कुसुमताई खुर्चीवर, पदर नाकापर्यंत. सोजरबाई थेट पुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"गड्यांचं काय?"

"गड्यांना पोहता येतं," दादाराव म्हणाले.

"कुठं शिकले?"

"लहानपणी शिकले."

"मग ह्या लहानपणीच शिकायल्यात की."

लोक हसले. दादारावांचा आवाज चढला. "उद्या कुणी बुडालं तर जबाबदार कोण? तुमी?"

"बोर्ड वाचून कुणाला पोहता आलंय का, दादाराव? ते पोरगं बुडालं ते पोहता येत नव्हतं म्हणून."

"वल्ल्या कापडात आपल्या घरच्या बाया, बाहेरची माणसं येतात, फोटो काढतात. गावाची अब्रू हाय का न्हाई?"

तेव्हा त्या दादारावांना सोडून खुर्चीकडं वळल्या. "सरपंचबाई, तुमी बोला. सही तुमची लागणार हाय."

कुसुमताई बोलल्या नाहीत. पदरही हलला नाही. हात वर झाले, ठराव मंजूर झाला. मीही बोलले नाही. नोकरीवाली बाई, बदलीला भिणारी. या गावात मला मताचा हक्क नाही, असं मी स्वतःला समजावलं. त्या दिवशी मला माझी लाज वाटली होती आणि आज लिहितानाही वाटते.

दुसऱ्या दिवसापासून मुली येईनात. बंदी पोलिसांनी आणली असती तर सोजरबाई लढल्या असत्या, पण ती प्रत्येकीच्या बापानं उंबऱ्यात आणली होती. त्या घरोघर गेल्या. कुठं चहा मिळाला, कुठं दारातूनच परतवलं. फळांचा गाडा लावणाऱ्या रशीदभाईंची शबाना सगळ्यांत चांगली पोहायची, तिचा तिसरा उन्हाळा होता, भोपळे सुटले होते. रशीदभाई हात जोडून म्हणाले, "खाला, मुझे कुछ हरकत नै. पर गाडा इसी गाव में लगाना हाय ना." सोजरबाईंनी त्यांच्यावर राग धरला नाही. घरी येऊन त्यांनी सगळे भोपळे पुसून ओळीनं ठेवले.

आणि मग तीन वाजता त्या एकट्या पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या.

रोज. तीन ते सहा. गळाभर पाण्यात एकटी म्हातारी. कधी पोहून यायच्या, कधी नुसत्या उभ्या असायच्या, आणि मध्येच मोठ्यानं ओरडायच्या, "पाय मार! पाय मार!" समोर कुणी नसताना. वर रस्त्यावरून जाणाऱ्यांना वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. घराघरातून मुलींना मात्र ते ऐकू जात होतं. त्याच महिन्यात अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की हृदय अशक्त आहे, दगदग नको, पाण्यात तर नकोच. मी त्यांना हात जोडले. म्हणाल्या, "छातीत धडधडतंय म्हंजे चालू हाय की. आता म्या बाहेर आले म्याडम, तर हा रस्ता परत पोरींना गावायचा न्हाई. त्यांना वाटंल, म्हातारी म्हनत व्हती ते खोटंच व्हतं." असं बोलताना त्यांचे डोळे भरले. तीन वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना पाण्याबाहेर रडताना पाहिलं.

दहाव्या-अकराव्या दिवशी त्या उन्हातून एक छत्री खाली येताना दिसली. छत्रीखाली कुसुमताई, लंगडत, धापा टाकत. रस्त्याच्या टोकाला येऊन थांबल्या. मी उठून उभी राहिले.

"ठरावावर सही राहिलीय," कुसुमताई म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण स्वच्छ. "म्हनलं, आधी पाहणी करावी. सरपंचानं पाहणी करायची असती."

सोजरबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काठावरून काय दिसतंय? पाहणी करायची तर उतरून करा."

कुसुमताईंनी छत्री मिटली, माझ्या हातात दिली आणि चपला काढल्या.

त्यानंतर पाहणी रोज झाली. पहिल्या दिवशी कमरेपर्यंत. दुसऱ्या दिवशी पाण्यात बसून. तिसऱ्या दिवशी कुसुमताई म्हणाल्या की लग्नापासून आजवर गुडघ्यांवर भार नाही असा हा पहिलाच दिवस. ग्रामसेवक सहीला आले की त्या सांगायच्या, पाहणी चालू आहे. दादारावांना माहीत नव्हतं. ते तीनच्या उन्हात झोपलेले असायचे. पाचव्या दिवशी शबाना आली. सरपंचबाईच पाण्यात असल्यावर तिला कोण काय म्हणणार होतं? तिच्यामागं आणखी चौघी आल्या.

जूनमध्ये माझी बदली झाली. पुढच्या पौषात निवृत्तीमामांचा फोन आला, आयुष्यात पहिल्यांदा. एवढंच म्हणाले, "सोजर गेली. हिवाळ्यात गेली, तिला आवडलं नसंल." मी मातीला पोचू शकले नाही. रस्त्यावर आता शबाना शिकवते, असं कानावर येतं. ते ऐकून बरं वाटतं. पण सोजरबाई म्हटलं की मला मे महिन्याच्या अखेरचा तो एक दिवस दिसतो. त्यानंतर दोन दिवसांनी मी गाव सोडलं आणि त्या मला पुन्हा दिसल्या नाहीत.

त्या दिवशी कुणीतरी दादारावांना झोपेतून उठवून सांगितलं असावं. वरून ते जवळजवळ पळतच आले, पांढऱ्या कपड्यात, डोक्यावर टोपी नाही, मागं पाचसहा माणसं. रस्ता पाण्यात शिरतो तिथं येऊन थांबले. पंचवीस-तीस हातांवर खोल पाण्यात सोजरबाई होत्या, आणि त्यांच्यासमोर आभाळाकडं तोंड करून, हातपाय पसरून, कुसुमताई पाण्यावर निजल्या होत्या.

"कुसुम!" दादाराव ओरडले. "बाहेर ये!"

कुसुमताई हलल्या नाहीत.

"कुसुम! मी काय म्हणालो? बाहेर ये आधी!"

ते एक पाऊल पुढं आले, बूट भिजल्यावर मागं सरले. त्यांना पोहता येत नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना त्या क्षणी कळलं. मागच्या माणसांनाही कळलं असावं, कारण ती त्यांच्या ओल्या बुटांकडं बघायला लागली.

"तिला ऐकू येत न्हाई, दादाराव," सोजरबाई म्हणाल्या. "कान पाण्यात हायत."

"तुमी सोडा तिला! तुमीच धरून ठेवलंय!"

सोजरबाईंनी दोन्ही हात पाण्याबाहेर काढले, उन्हात उंच धरले आणि दादारावांना दाखवले.